दुखणं शोधणारी कंपनी

दादाने कंपनीचं नाव आधी ठरवलं, शिक्का त्यानंतर करून आणला, आणि कंपनीने नेमकं करायचं काय हे शोधायला तो सगळ्यात शेवटी बसला. नावात 'ग्लोबल' होतं. पुढचं मी लिहीत नाही, अजून लाज वाटते. शिक्का निळ्या शाईचा, गोल, मधोमध पृथ्वीचा गोळा. तो नीट उठतो का हे पाहायला दादाने तो आधी कॅलेंडरवर मारला, मग पिठाच्या रिकाम्या पोत्यावर, आणि पोत्यावर उठेना म्हणून मी वाचनालयातून आणलेल्या कादंबरीच्या पहिल्या पानावर. तिथे छान उठला. त्या कंपनीचं तडीस गेलेलं काम म्हणून मला एवढं एकच ठामपणे सांगता येतं.

दादा गेल्या वर्षी गेला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट बोलत नाही. जे होतं ते सावकाश लिहिते आहे, आणि जे होतं त्यातलं पुष्कळसं हास्यास्पद होतं, त्याला मी काय करू. आई त्याच्या आधी गेली, बाबा तर फारच आधी. माझं वय तसं म्हातारपणाचं नाही, पण आपल्या लहानपणाची आठवण असलेलं दुसरं माणूस उरलं नाही की आपण एकाएकी म्हातारे होतो. आता मी काहीही लिहिलं तरी 'असं नव्हतं वं' म्हणायला कोणी नाही. म्हणून उलट जास्त जपून लिहावं लागतं.

आमची पिठाची चक्की होती. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावात, एसटी स्टँडकडून येणारा रस्ता जिथे आमच्या गल्लीत वळतो तिथे, पुढे चक्की आणि मागे घर. मधली भिंत नावापुरती. सकाळी बाबा पट्टा चढवून बटण दाबत, की आधी पोटातून आल्यासारखा एक हुंकार, मग घरघर, आणि मग फळीवरची भांडी एकमेकांना हळूहळू धक्के द्यायला लागत. त्या आवाजात आमचं सगळं घर ओरडून बोलायचं. वीज गेली की चक्की थांबायची, पण बोलणाऱ्याचा आवाज खाली यायला आणखी दोन वाक्यं लागत. त्यामुळे आमच्या घरातली भांडणं गल्लीला ऐकू जात ती नेमकी भारनियमनाच्या वेळी. मी बोलणं कमी करून वाचायला लागले ते बहुधा या आवाजापायीच. ओरडून सांगावं असं माझ्याजवळ काही नव्हतं. बाबांच्या भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या दिवसभर पांढऱ्या असत. ज्वारी दळली की घरात गोडसर वास यायचा, हरभरा दळला की नाक खाजायचं, आणि आई या सगळ्यात तव्यावर भाकर टाकून, दुसऱ्या हाताने जवसाची चटणी कुटत, तिसरा हात असल्यासारखी गिऱ्हाइकाचा डबाही ओळखून द्यायची. चक्की हा धंदा आहे असं आमच्यापैकी कोणी कधी म्हटलं नव्हतं. ती होती, जसं अंगण होतं.

दादा पुण्यात कुठल्याशा कंपनीत होता. कंपनीने त्याला काढलं की त्याने कंपनी सोडली याबद्दल दोन मतं होती, आणि दोन्ही दादाचीच. परत आला तो आपली स्वतःची कंपनी काढायची असं ठरवून. चक्कीमागची धान्याची खोली त्याने रिकामी करून घेतली, तिथे टेबल टाकलं, आणि कारंजा लाडहून मंगेश नावाचा त्याचा कॉलेजातला मित्र दर दोन-तीन दिवसांनी मोटारसायकलवर येऊ लागला. हा मंगेश गळ्यात पट्टीला अडकवलेलं एक ओळखपत्र घालायचा. ते कुठल्या संस्थेचं हे कधी कळलं नाही, कारण ते नेहमी उलटं असायचं. दोघं सकाळी टेबलाच्या दोन बाजूंना बसत, आणि आयडियेची वाट पाहत.

आयडिया शोधणं हे मुलगी पाहण्यासारखंच असतं हे मला तेव्हा कळलं. रोज एखादं स्थळ यायचं. सोयाबीनचं दूध काढायचं. संत्र्याच्या सालीची भुकटी करून शहरातल्या बायकांना तोंडाला लावायला विकायची. शेळ्या भाड्याने द्यायच्या. लग्नाचा बँड फोनवरून ठरवायची सोय करायची. प्रत्येक स्थळ पहिल्या दिवशी देखणं, दुसऱ्या दिवशी जरा सावळं, तिसऱ्या दिवशी त्याच्या घराण्यात काहीतरी निघायचं. आई मधूनमधून पोहे नेऊन द्यायची, त्यामुळे हा कार्यक्रम अगदीच तसा दिसायचा. एकदा बाबा पीठ झटकत त्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"सापडली का रे आयडिया?"

"पाहून राह्यलो बाबा. आज एक चांगली वाटून राह्यली."

"वाटली तं लवकर हो म्हण. नाही तं कारंज्यावालाच पळवून नेईन."

मंगेश हसला, दादा हसला नाही. बाबा परत गेले आणि त्यांनी चक्की नेहमीपेक्षा जरा मोठ्या झटक्याने सुरू केली असं मला वाटलं. पण तो माझा कल्पनाविलास असेल. ते तसे रागीट नव्हते.

मग दोघं वाशीमला एका मंगल कार्यालयात भरलेल्या शिबिराला जाऊन आले. तिथे भर उन्हाळ्यात कोट घातलेल्या एका गृहस्थाने त्यांना सांगितलं, की जिथे लोकांना दुखतं तिथे धंदा असतो. तुम्ही आयडिया शोधू नका, लोकांचं दुखणं शोधा. हे वाक्य दादाने घरी येऊन प्रत्येकाला वेगवेगळं ऐकवलं, मला दोनदा. परवा मी जिथे ग्रंथपाल आहे त्या कॉलेजात असाच एक मेळावा होता, आणि व्यासपीठामागच्या फलकावर हेच वाक्य होतं, फक्त अक्षरं अधिक चकचकीत. इतकी वर्षं झाली आणि अजून ते कोणीतरी नव्याने शोधून काढतंच आहे. मुलं एकेक करून वर जात होती आणि दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल इतक्या आनंदाने बोलत होती की मी ग्रंथालयात परत आले आणि खिडक्या लावून घेतल्या.

वाक्य मिळाल्यावर दादा आणि मंगेश गल्लीतल्या घराघरांत दुखणं विचारत हिंडले. कोणी सुनेचं सांगितलं, कोणी गुडघ्याचं. एका म्हाताऱ्याने भावकीतल्या बांधाचं भांडण इतकं सविस्तर सांगितलं की मंगेशला तिथेच जेवावं लागलं. समोर कमलामावशी राहायची. नवरा लवकर गेलेला, मुलगा-सून घरात, आणि आवाज असा की चक्की चालू असतानाही तिचं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट यायचं. ती ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी आमच्या ओट्यावर पुस्तक घेऊन होते, म्हणून हे सगळं मी ऐकलं.

"मावशी, तुमाले रोजच्या जीवनात काय त्रास आहे?" दादाने विचारलं.

"रोजच्या? हे पाय, घरातली सून, अन् तुमची चक्की. पहाटेपासून मेंदूत दळन दळून राह्यली."

"तसा त्रास नाही वं. जो कोनी मिटवला तं तुमी त्याले आनंदानं पैसे द्यान, असा."

मावशीने लसणाची पाकळी त्याच्याकडे रोखली. "मंग तूच. तू कुठं नोकरीले लाग बाप्पा, मी मारुतीले नारळ फोडीन. हा कोन गळ्यात चिट्ठी बांधून हिंडून राह्यला? हरपला होता का कुठं?"

मंगेशने ओळखपत्र सदऱ्यात टाकलं. कमलामावशीचं दुखणं धंद्याच्या लायकीचं नाही असं त्या दोघांनी ठरवलं.

बाबा गेले ते दुपारी. दळण लावून ते जेवायला बसले होते. हात धुवायला उठले, मोरीच्या उंबऱ्याशी थांबले, खाली बसले, आणि 'थांब जरा' असं काहीसं म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळलं नाही. चक्की चालू होती, त्यामुळे आईची पहिली किंकाळी गल्लीत कोणालाच ऐकू गेली नाही. मी शेजारच्या खोलीत होते, मलाही नाही. मग कोणीतरी बटण बंद केलं. भर दुपारी, वीज असताना आमची चक्की थांबली, आणि त्या शांततेनेच गल्लीला कळलं. बायका हातातलं टाकून पळत आल्या. कोणालाही काही सांगावं लागलं नाही.

आमच्याकडे ज्या घरी माणूस जातं त्या घरी तेरवीपर्यंत चूल पेटत नाही. जेवण शेजारून येतं. हे कोणी ठरवत नाही, कोणी कोणाला विचारत नाही. जेवायची वेळ झाली की कोणीतरी पदराखाली ताट झाकून येतं, भाकर आणि बेसन, फार तर वरण. जी बाई आणते ती नुसतं ताट ठेवून जात नाही. ती बसते, भाकर स्वतःच्या हाताने मोडते, आणि ज्या बाईचं माणूस गेलं तिच्या तोंडात पहिला घास घालते. त्यानंतरच बाकीच्यांनी जेवायचं. एरवी आमच्या गल्लीत शेजारचं भांडं रिकामं परत जात नाही, चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. या दिवसांत मात्र ते रिकामं, न घासता परत जातं. आणणारीने 'जेवायला चला' म्हणायचं नाही, खाणाऱ्याने 'बरं झालं आणलंत' म्हणायचं नाही. एवढ्या ओरडणाऱ्या गल्लीत ही एवढीच गोष्ट मुकाट्याने चाले.

मुकाट्याने म्हणजे कमलामावशी वगळून. आई भिंतीला पाठ लावून बसली होती, तोंडाजवळ घास आला की मान फिरवत होती. तिला साखरेचा आजार होता. गोळ्या जेवल्याशिवाय देता येत नव्हत्या, आणि गोळ्या नाही दिल्या तर काय होईल हे डॉक्टरांनी पूर्वीच बजावून ठेवलं होतं.

"तोंड उघड," मावशी म्हणाली. आईने मान हलवली.

"काहून? तुयाच नवरा मेला का एकटा? माया मेला तेव्हा तुनंच कोंबली होती ना भाकर माया तोंडात? तेव्हा म्या म्हटलं होतं का, की मले जात नाही? उघड!"

आणि आईने तोंड उघडलं. ती तो घास फार वेळ चघळत राहिली. मावशी दुसरा घास धरून, रस्त्यावर बस अडवावी तशी समोर बसून राहिली. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, असे चार-चार घास आईच्या पोटात जात राहिले, आणि गोळ्याही.

दादा हे सगळं पाहत होता. मला वाटलं होतं तो बाबांकडे पाहतो आहे, म्हणजे बाबा जिथे बसायचे त्या जागेकडे. राख सावडून आले त्या दिवशी मंगेश भेटायला आला. दोघं मागच्या खोलीत बसले. चक्की बंद असल्यामुळे त्या भिंतीतून आता सगळं ऐकू येत होतं, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

"सकाळी तीन घरचं बेसन आलं," दादा म्हणत होता. "काल दुपारी कोनाचंच नाही. कोनाचा कोनाशी मेळ नाही."

"मॅनेजमेंट नाही," मंगेश म्हणाला. आणि मग मंगेशचा आवाज चढला, इतक्या निखळ आनंदाचा की मी तो आजही विसरलेले नाही. "भाऊ! दुखनं, दुखनं करत आपन गावभर फिरलो, अन् दुखनं तुया घरात होतं!"

माणूस जाऊन तीन दिवस होत नाहीत तो त्या घरात कंपनीला आयडिया सापडली. सुतकातल्या घरी दोन वेळचा डबा. पुढे मांडव, भांडी, न्हावी, भटजी, तेरवीची पंगत, सगळं एका फोनवर. 'लोकं रडायले मोकळे,' असंही त्यांच्यापैकी एकजण म्हणाला. आणि सुरुवात आपल्याच घरापासून, म्हणजे काय चुकतं ते कळेल. काय चुकतं ते त्यांना समजावून सांगता येईल अशी भाषा तेव्हा माझ्याजवळ नव्हती, आता आहे असंही नाही. पुढे मंगेश ती आयडिया घेऊन मोठ्या शहरात गेला. चांगली चालते म्हणतात. चालत असेल. जिथे शेजारी नाही तिथे शेजारी विकत घ्यावा लागणारच. पण आमच्या गल्लीत तो होता, पदराखाली ताट झाकून उभा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा ओट्यावर हात जोडून उभा राहिला. "तुमी सगळ्यायनं लय केलं," तो म्हणाला. "आता कोनी त्रास घ्यायचा नाही. आमी जेवनाची सोय केली आहे."

कमलामावशी ताट घेऊन रस्त्याच्या मधोमध आलेली होती. तिथेच थांबली. तिने एकदा दादाकडे पाहिलं, एकदा आमच्या उघड्या दारातून आत.

"सोय केली का? बरं झालं बाप्पा," ती म्हणाली, आणि वळून घरी गेली. तिला इतक्या कमी शब्दांत बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दादाला यात काही खटकलं नाही. उलट तो म्हणाला, "पाय, किती हलकं वाटलं लोकायले." ज्या घरात जेवणाची सोय आहे तिथे दुःखाची भाकर नेणं म्हणजे त्या घराला हिणवणं, हे त्या गल्लीत वाढलेल्या मुलाला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. ठाऊक होतं. पण शिबिरातल्या कोटवाल्याने सांगितलेलं एक वाक्य डोक्यात शिरलं की ठाऊक असलेलं सगळं माणसाला जुनाट वाटायला लागतं. दुसऱ्या दिवसापासून एकही ताट आलं नाही. बायका येऊन बसायच्या, पण रिकाम्या हाताने, आणि जेवायची वेळ झाली की उठून जायच्या, जसं पाहुण्यांनी उठावं.

डबे स्टँडजवळच्या खानावळीतून येत. प्लॅस्टिकचे, चार खणांचे. भात, पातळ भाजी, पोळ्या, लोणचं. झाकणावर कागद चिकटवलेला, त्यावर जोडलेले हात, हातांच्या मागे समई, आणि समईच्या मागे तो पृथ्वीचा गोळा. मी एक डबा उघडून आईपुढे ठेवला. तिने त्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कोनाच्या घरचं आलं?"

"कोनाच्या घरचं नाही आई. दादानं मागवलं."

"पन कोनी केलं?"

"खानावळीत केलं असन."

"कोनी आनलं नाही?"

"गाडीवर आलं."

तिने डबा हाताने हळूच दूर सारला. राग नव्हता त्यात. दुसऱ्याच्या घरचं पत्र चुकून आपल्याकडे यावं आणि आपण ते बाजूला ठेवावं, तसा तिचा हात होता. मी भाकरीसारखी पोळी मोडून तिच्या तोंडाजवळ नेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू सुतकातली आहेस वं. तुया हातचा कसा चालन?" ते खरंच होतं. घास बाहेरच्या हाताचा लागतो. ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे, त्याच्या हाताचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीही तिने काही खाल्लं नाही. स्टँडवरून आणलेला चहा घेतला, तोही बिनसाखरेचा, अर्धा. गोळ्या तशाच पाकिटात राहिल्या. दादा काळजीत पडला, आणि काळजीत पडून त्याने जे विचारलं ते मी जसंच्या तसं लिहिते. "आई, दुपारी पनीर सांगू का?" सुतकात पनीर. आईने डोळे मिटून घेतले. मी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी मला तो इतका परका वाटला की पुण्याहून जो परत आला तो दुसराच कोणी असावा अशी मला शंका आली. दुपारी मंगेश मोबाइल घेऊन आला. पुढच्या घरांना दाखवायला काहीतरी लागणार होतं. त्याने डबा आईच्या मांडीजवळ नेऊन ठेवला, दोन पावलं मागे गेला, आणि अगदी हळू, आदराने म्हणाला, "काकू, फक्त हातात धरा. खायची गरज नाही."

आईने ते ऐकून डबा धरला. ती नेहमीच सांगितलेलं ऐकणारी बाई होती. मंगेशने फोटो काढला. मग ती मोरीकडे जायला उठली, भिंतीला हात लावून दोन पावलं चालली, आणि बाबा बसले होते तिथेच, त्या उंबऱ्याशी, मटकन खाली बसली. घामाने तिचा ब्लाउज भिजला होता. उपाशीपोटी असा घाम सुटला तर द्यायची असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तशी मी तिच्या जिभेवर साखर ठेवली, पाणी पाजलं, तिला आडवं केलं, आणि अनवाणी समोरच्या घरी गेले.

"मावशी, आईले भाकर आना ना."

मावशी तव्यासमोर बसली होती. तिने वर पाहिलं नाही. "तुया दादानं नाही म्हटलं ना पोरी."

"म्हटलं. पन आई खाऊन नाही राह्यली. तिले आत्ता चक्कर आली."

आता तिने वर पाहिलं, आणि तिचे डोळे भरलेले होते. "मले काय दिसून नाही राह्यलं? पन ते भाकर कोनी मागत नसते अन् मागून कोनी आनत नसते वं. मागितली की तो पाहुनचार झाला. तुयी माय हातबी नाही लावाची. अन् तुमच्या घरी डबे रचून ठेवले आहेत. त्या डब्यायवरून मी ताट घेऊन कशी येऊ, सांग."

मी घरी आले. यावर विचार करावा असं काही उरलं नव्हतं. तिने सांगितलं ते सरळ होतं. घरात अन्न आहे तोवर ताट येणार नाही. सकाळचे आणि दुपारचे सगळे डबे मी उचलले, ओट्यावर आणले, आणि गल्लीतल्या गाईंसाठी रस्त्याच्या कडेला सिमेंटचं कुंड होतं त्यात एकेक करून उपडे करायला लागले. भर उन्हात, सगळ्यांच्या दारांसमोर. झाकणं मी बाजूला नीट रचून ठेवत होते, पृथ्वीचे गोळे वर करून. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. दादा आतून धावत आला.

"वर्षे! पागल झाली का? लोक पाहून राह्यले!"

"पाहू दे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. चक्की बंद असूनही मी ओरडले होते.

"अगं आईसाठी केलं ना हे! आईसाठीच केलं ना सगळं!"

मी शेवटचा डबा उघडला. तेवढ्यात समोरून, चक्की चालू असतानाही ऐकू आला असता असा आवाज आला, "अवं वर्षे! लोनचं काढून घाल! गाईचं तोंड पोळीन ना बाई!"

मी लोणचं काढून बाजूला ठेवलं. गाय कुंडात तोंड घालून खाऊ लागली. मंगेशने मोटारसायकल कधी सुरू केली ते मी पाहिलं नाही, फक्त ती गल्लीतून वळल्याचं ऐकलं. दादा रिकाम्या डब्यांजवळ उभा होता, आणि मला तेव्हा त्याची तिळमात्र कीव आली नाही. खोटं कशाला लिहू.

कमलामावशी आली ती थेट आत गेली. पदराखालचं ताट खाली ठेवलं, बसली, झाकण काढलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर होती, अजून वाफ निघत होती, आणि कांदा घातलेलं बेसन. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"उठ," मावशी म्हणाली. "उठ, नाही तं इथंच भरवतो लोळ्यालोळ्या. मंग म्हनशीन, कमलीनं मले लहान लेकरासारखं केलं."

आई उठून बसली. तिने ताटाकडे पाहिलं, मग मावशीच्या कपाळावरच्या घामाकडे, तव्याच्या धगीने लाल झालेल्या तिच्या हातांकडे. आणि तोंड उघडलं. या वेळी तिने घास चघळत ठेवला नाही, गिळला. दुसरा गिळला. मी पाणी घेऊन उभी होते, गोळ्यांचं पाकीट माझ्या मुठीत होतं. पाचव्या-सहाव्या घासाला आईने हात वर करून थांबवलं आणि दाराकडे पाहिलं. दादा दाराबाहेर उभा होता.

"त्याले दे," आई म्हणाली. "त्यानं परवापासून काही खाल्लं नाही. ते डबेबी नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं.

"ये, कंपनी," मावशी म्हणाली. "ये इकडं. बस."

तो आत आला आणि मांडी घालून बसला, चांगला उंच, दाढी वाढलेला, राख सावडून आलेला माणूस. मावशीने त्याच्या तोंडात घास घातला. तो चावू लागला, आणि चावता चावता त्याचा चेहरा आतून कोसळत गेला. मी मान दुसरीकडे फिरवली. मला तेही आवडलं नाही. डबे मागवून झाल्यावर, फोटो काढून झाल्यावर रडणं मला फार स्वस्त वाटलं. इतकी वर्षं झाली, पुढे त्याने चक्कीच चालवली, पीठ भरलेल्या पापण्यांनी तो बाबांसारखाच दिसू लागला, आणि तरी त्या दुपारचा माझा तो कोरडेपणा मी पूर्ण मागे टाकू शकले नाही. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि बाहेर निघाले.

"अन् तू कुठं चालली?"

मी थांबले. "झाकनं उचलाची आहेत," मी म्हटलं.

"राहू दे झाकनं. बस इथं." मावशीच्या हातात भाकरीचा तुकडा होता, बेसन लावलेला, माझ्या दिशेने धरलेला. "तुया बाप नव्हता का तो?"

मी बसले. तिने घास माझ्या तोंडात घातला. गरम होता, आणि तिखट, आणि मला गिळता येईना.